निजलेलं घड्याळ

"मोठमोठी साम्राज्यं तलवारीनं बुडाली नाहीत आणि तोफेनंही बुडाली नाहीत. ती बुडाली एका ढिल्या स्क्रूनं."

हे ऐतिहासिक विधान टेबलाखालून आलं. विधान करणाऱ्या मावशींचा पुढचा अर्धा भाग टेबलाखाली होता, मागचा अर्धा बाहेर होता आणि हातात बॅटरी घेऊन त्या खाली पडलेला एक स्क्रू शोधत होत्या. स्क्रू तिळाएवढा असल्यामुळे तो सापडेपर्यंत साम्राज्यांना थांबणं भाग होतं.

नवे साहेब मात्र थांबायला तयार नव्हते. बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागाला उद्देशूनच ते बोलत होते, आणि हे आपल्या हुद्द्याला शोभत नाही हे त्यांना बोलता बोलताच जाणवत असावं. त्यांचं म्हणणं एवढंच, की दुकानात गिऱ्हाईक बसलंय, त्याच्या हातात कॉफी आहे आणि कॉफी संपायच्या आत घड्याळ त्याच्या मनगटावर चढलं पाहिजे. हा नियम त्यांनी स्वतः काढला होता. नियम निघाल्यापासून कप मोठे आणावेत, अशी सूचना मागच्या खोलीतून गेली होती. साहेबांनी ती विचाराधीन ठेवली होती.

"सापडला," मावशी म्हणाल्या आणि केसांना जळमट घेऊन वर आल्या. "गिऱ्हाइकाला सांगा, उद्या या."

दुकान महागड्या घड्याळांचं होतं. इतक्या महागड्या, की आत शिरताना माणूस आधी स्वतःचे बूट बघून घेई. पुढे गालिचा, काच आणि लाल मखमल. मागे एक खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीला समोरच्या इमारतीची भिंत. त्या खोलीत पांढरे कोट घातलेले घड्याळजी घड्याळं उघडून बसत आणि शस्त्रक्रिया चालल्यासारखे हळू आवाजात बोलत. मावशींनी आयुष्यात घड्याळ उघडलं नव्हतं. त्यांच्याकडे फक्त पट्टे: कड्या काढायच्या, कड्या घालायच्या, स्क्रू पिळायचे. घड्याळजी त्यांना गमतीनं 'आमच्या पट्टेवाल्या' म्हणत. मावशी म्हणत, तुमचं यंत्र कितीही बरोबर चालू दे, मनगटावरून गटारात पडलं की बरोबर वेळ फक्त उंदरांना कळते.

त्यांची पद्धत ठरलेली होती. स्क्रू आधी स्पिरिटनं धुवायचा, कारण बोटांचं तेल राहिलं की डिंक धरत नाही. मग सुईच्या टोकानं आट्यांवर निळ्या डिंकाचा थेंब ठेवायचा. एकच. स्क्रू बसवायचा आणि घड्याळ काचेच्या झाकणाखाली दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून द्यायचं. याला त्या 'निजवणं' म्हणत. निजलेल्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. घड्याळजी सुरुवातीला त्याच्या बाजूनं मुद्दाम चवड्यांवर चालत. पुढे थट्टा विसरली आणि चवडे राहिले. या सगळ्यावरून त्यांचं नाव थेंबमावशी पडलं होतं, आणि ते त्यांना मान्य होतं. मनगट दिवसभर दारं ढकलतं, पिशव्या उचलतं, नको तिथे टाळ्या वाजवतं. त्या हलण्यानं स्क्रू आपला आपण सुटत जातो. एकदम सुटला तर कळेल तरी, पण तो रोज थोडा थोडा सुटतो, म्हणून त्याचं काय ते आधीच करायला हवं.

साहेबांचं मत होतं, की थेंब हा जुन्या काळचा लाड आहे. जोर लावून पिळा आणि देऊन टाका.

"जोर लावला की स्क्रूचं डोकं फिरतं," मावशी म्हणाल्या. "मग माझंही."

आणि त्या कामाला बसल्या. साहेब त्यांच्या कानाशी उभे राहून वेग, समाधान, स्पर्धा या विषयांवर बोलत राहिले. मावशींनी स्क्रू धुतला, सुई डिंकात बुडवली, थेंब ठेवला, स्क्रू बसवला. मग घड्याळावर काच ठेवून त्या म्हणाल्या, "निजलं."

साहेबांनी काचेकडे हात नेला. मावशींनी त्याआधी आपला पंजा काचेवर ठेवला.

"हात काढा, मावशी."

"नाही काढणार."

सगळ्यात ज्येष्ठ घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. या खोलीत एवढा मोठा आवाज कधी झाला नव्हता, आणि तो मोठाही नव्हता. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ठीक आहे, मग बाहेर जाऊन तुम्हीच सांगा. मावशी इतक्या वर्षांत गालिच्यावर आल्या नव्हत्या, त्यामुळे हा डाव साहेबांना बिनतोड वाटला. मावशी उठल्या आणि केसांतल्या जळमटासकट बाहेर गेल्या.

गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्कर गृहस्थ होते. अंगावर उत्तम शिवलेला कोट; फक्त ज्या माणसासाठी तो शिवला होता, त्यातला निम्माच माणूस आत शिल्लक होता. घड्याळ त्यांचं स्वतःचं, जुनं. मनगट बारीक होत गेलं तसं ते कोपरापर्यंत घसरायला लागलं, म्हणून कड्या काढायला आणलेलं. शेजारी मुलगा बसला होता आणि वडिलांच्या प्रत्येक वाक्याला "हो बाबा" म्हणत होता. आज संध्याकाळी सगळं घर जमणार होतं, फोटो काढायचा होता.

"फोटोत हात मागे घ्या," मावशी म्हणाल्या. "घड्याळ उद्या मिळेल."

"बाई, माझ्याकडे उद्याची खात्री नाही." खिशात सुटे नाहीत असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. मुलगा गालिच्याची नक्षी बघू लागला. साहेबांनी मावशींकडे पाहिलं, की आता बोला.

"खात्री नसेल तर घड्याळाची घाई कशाला?" मावशी म्हणाल्या. "आणि असेल तर उद्या या."

साहेबांचा चेहरा मखमलीच्या रंगाचा झाला. गृहस्थ हसले, मग खोकले, मग खोकता खोकताच पुन्हा हसले.

"आजारी पडल्यापासून मला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "परवा मी म्हटलं, आज बुधवार. होता शुक्रवार. तर घरात सगळे म्हणाले, हो, बुधवार. माझ्यापायी त्यांनी दोन दिवस मागे नेले."

"तसं नाही बाबा," मुलगा म्हणाला.

"हे आजचं दुसरं 'नाही'," गृहस्थ मावशींना म्हणाले आणि काठी घेऊन उठले. "उद्या येतो."

मागच्या खोलीत आल्यावर साहेबांनी मावशींना सांगितलं, की गिऱ्हाईक उद्या येईल, तुम्ही मात्र येऊ नका. मावशी म्हणाल्या, येणार. मी निजवलेलं दुसरं कोण उठवणार? साहेबांच्या नियमांत उठवण्याबद्दल काही नव्हतं, म्हणून ते नुसतेच निघून गेले.

घरी नवऱ्यानं सगळी हकीकत कपाटाची मूठ हातात धरून ऐकली. मूठ त्याच्या हातात होती, कारण ती कपाटातून निघाली होती. घरातल्या बहुतेक मुठी अशाच होत्या. माफी मागून टाक, दोन शब्दांत तुझं काय जातंय, असं त्याचं मत पडलं. आणि येताना डिंकाचा एखादा थेंब घरी का आणत नाहीस, अशी जुनी तक्रारही त्यानं त्याला जोडली.

"घरातलं सुटलं तर घरातच पडतं," मावशी म्हणाल्या. माफीबद्दल बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या तेव्हा त्यांची खुर्ची जागेवर नव्हती. ती दुकानाच्या दर्शनी भागात शोभेला नेल्याचं कळलं. ती खुर्ची कशाचीही शोभा वाढवेल अशी नव्हती. ज्येष्ठ घड्याळजींनी आपलं स्टूल पायानं मावशींकडे सरकवलं. मावशींनी ते पायानंच परत सरकवलं आणि उभ्यानं काच उचलली.

पट्टा उचलला तर त्याच्या दोन कड्या वाकेनात. प्लॅस्टरमधल्या बोटासारख्या ताठ. मावशींना लगेच कळलं. काल साहेब कानाशी होते, सुई बुडाली तेव्हा हात रागात होता. एकावर दुसरा थेंब गेला होता, आणि जास्तीचा डिंक आट्यांतून ओघळून सांध्यात शिरला होता. त्यांच्या टेबलावर शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्या ज्या चुकीसाठी घरी पाठवत, तीच ही चूक.

ज्येष्ठ घड्याळजींनी मान लांब करून पाहिलं. "खालच्या बाजूला आहे," ते पुटपुटले. "कुणाला कळणार नाही. मीही काही बघितलं नाही."

"मनगटाला कळेल," मावशी म्हणाल्या, आणि घड्याळ घेऊन स्वतःच बाहेर गेल्या.

गृहस्थ दुकान उघडायच्या आधीच येऊन बसले होते. फोटोत हात मागे घेतल्यामुळे आपण रागावल्यासारखे दिसतो आहोत, असं त्यांनी सांगितलं. त्यांना तो फोटो आवडला होता.

"घड्याळ आज मिळणार नाही," मावशी म्हणाल्या. "चूक माझी आहे. रागात दोन थेंब पडले, पट्टा आखडला. गरम करून सोडवते, धुते, परत निजवते. उद्या या."

'उद्या' हा शब्द साहेबांना प्रथमच गोड लागला. त्यांनी पुढे होऊन अतिशय नम्रपणे सुचवलं, की अशा प्रकाराबद्दल तक्रार करण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे, तोंडी केली तरी चालेल.

"राग कुणावर होता?" गृहस्थांनी मावशींना विचारलं.

"यांच्यावर."

"मग त्यातला एक थेंब यांचा," गृहस्थ म्हणाले. "बघू. उद्या येतो."

तो सगळा दिवस मावशींनी उभ्यानं काढला. पट्टा पितळेच्या पत्र्यावर गरम करून स्क्रू सोडवले, सांध्यातला डिंक लाकडी काडीनं टोकरला, कडी न् कडी धुतली. साहेब दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मावशी त्यांचं बोलणं संपेपर्यंत सुई खाली ठेवून शांत उभ्या राहिल्या, आणि ते गेल्यावर सुई उचलली. थेंब एकच पडला. संध्याकाळी पाय सुजले होते, पण साहेबांच्या देखत त्यांनी एकदाही या पायावरचा भार त्या पायावर घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींनी पट्टा गृहस्थांच्या मनगटावर चढवला. कड्या पाण्यासारख्या वळल्या. गृहस्थांनी घंटा हलवावी तसा हात हलवून पाहिला. घड्याळ जागचं हललं नाही. मुलगा गाडी आणायला गेला होता. मागच्या खोलीचं दार सहजच उघडं राहिलं होतं आणि त्यात सहजच सगळे घड्याळजी उभे होते.

साहेबांनी घसा साफ केला. तीन खेपा घालाव्या लागल्याबद्दल त्यांनी दुकानाच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली. मग म्हणाले, "या बाईंबद्दल आपली तक्रार असेल तर आत्ताच सांगा. यांनी इथे राहायचं की नाही, ते आजच ठरवून टाकतो."

"असेल तर खुशाल सांगा," मावशी म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नव्हती. "पण राहिले तर थेंब लावणार. आणि लावला की घड्याळ निजणार."

गृहस्थ काठीवर भार देऊन उठले. त्यांना वेळ लागला, आणि तो त्यांनी घेतला.

"बऱ्याच दिवसांत मला सकाळी उठून कुठे जायचं नव्हतं," ते म्हणाले. "या तीन दिवसांत होतं. आता ही तक्रार धरायची की काय, ते तुम्ही बघा." मग मावशींच्या सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाले, "पुढच्या महिन्यात अजून एक कडी काढावी लागेल. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, आरसा म्हणतो. तेव्हा मला याच बाई इथे दिसल्या पाहिजेत, आणि बसलेल्या दिसल्या पाहिजेत. घड्याळ निजेल तेवढं निजू दे. मी येईन."

दारातल्या घड्याळजींपैकी कुणीतरी दर्शनी भागातली खुर्ची उचलून आत नेली. साहेबांनी ती जाताना पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. तशी व्यवस्था होईल, असं ते कोरड्या आवाजात म्हणाले, आणि मग सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "आणखी काही?"

"आहे," गृहस्थ म्हणाले.

मावशी जागच्या जागी ताठ झाल्या. साहेबांनी हात मागे बांधले.

गृहस्थांनी आपला दुसरा हात साहेबांपुढे धरला. कोटातून सदऱ्याची बाही बाहेर आली होती आणि सुटून लोंबत होती.

"एवढं कफाचं बटण लावून देता का? हल्ली माझी बोटं ऐकत नाहीत."