बगळ्याचा गुडघा

संपादिकेनं पेन्सिल चित्राला लागू दिली नाही. बोटभर वरच धरली आणि म्हणाली,

"हे इथे, काका. गुडघा."

चित्रकारानं काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला. त्याची काही गरज नव्हती, चित्र नीट दिसत होतं. तळ्याच्या काठावर बगळा एका पायावर उभा होता. वर घेतलेला दुसरा पाय माणसासारखा दुमडलेला होता, गुडघा पुढे आणि पाऊल मागे. खऱ्या बगळ्याचा पाय मधोमध उलटा मोडतो. हे चित्रकाराला आज कळत होतं असं नाही.

संपादिका वयानं त्याच्या मुलीएवढी असेल. तिनं सगळं हळू आवाजात सांगितलं. त्याचं हे पहिलं पुस्तक नव्यानं, मोठ्या आकारात निघणार होतं. शाळांच्या वाचनालयांत जाणार होतं, त्यामुळे चूक राहून चालणार नव्हतं. काकांना इतक्यात कामाला बसवत नसेल तर ऑफिसातला एक जण कॉम्प्युटरवर पाय फिरवून देईल, अर्ध्या तासाचं काम आहे. 'इतक्यात' म्हणताना ती थबकली. बायको गेल्यापासून त्यानं ब्रश हातात घेतलेला नाही, हे तिच्या कानावर आलेलं होतं.

"मीच करतो," तो म्हणाला. "पाय कुणी फिरवू नका."

ती गेल्यावर तो टेबलापाशी बसून राहिला.

त्याला डोळ्यांपुढे काही असल्याशिवाय चित्र काढता येत नसे. त्याच्या धंद्यातल्या लोकांना अस्वल मनानं काढता येतं, त्याला कधी आलं नाही. म्हणून लग्न झाल्यापासून बायकोच उभी राहायची. अंगावर गोधडी घेऊन ती अस्वल झाली होती, उशी पोटाला बांधून राजा झाली होती. चोर तर इतका छान झाली की शेजारीण दार उघडून घाबरून परत गेली. बगळ्याच्या वेळी तिनं डाव्या हातानं लोखंडी कपाटाची मूठ धरली, एक पाय वर घेतला आणि मान खांद्यांत ओढली. त्या पोरकट पुस्तकात तो बगळा एकदम जिवंत उतरला. फक्त गुडघा बायकोचा आला. त्याच्या लक्षात आलं नाही, प्रकाशकाच्या आलं नाही, छापणाऱ्याच्याही नाही.

आलं ते एका शाळेतल्या मुलीच्या. तो वर्गात चित्रं दाखवत होता तेव्हा पुढच्या बाकावरून तिनं विचारलं होतं, बगळ्याचा गुडघा आमच्यासारखा का? शेवटच्या बाकावर बायको बसली होती. तिनं तोंडावर रुमाल धरला तो घरी येईपर्यंत काढला नाही. मग आल्यागेल्याला सांगायला तिला विषयच मिळाला. आमच्या ह्यांनी माझा गुडघा गावभर वाटलाय, म्हणायची. पुढे मात्र ती मनापासून म्हणू लागली, की पुढच्या खेपेला तेवढं नीट करा, पोरं चुकीचं शिकतात. तो हो म्हणायचा. पुस्तक पुन्हा निघायचं ते आहे तसंच. शेवटच्या वर्षांत तिला जिना चढवेना, तेव्हा ती अर्ध्या जिन्यात थांबून म्हणायची,

"तुमच्या बगळ्यानंच खाल्ला हो माझा गुडघा."

दुपारी मेहुणी डबा घेऊन आली. बायकोची धाकटी बहीण, दर दोन-तीन दिवसांनी यायची. तिनं आधी स्वयंपाकघरात जाऊन मागचा डबा रिकामा झालाय का ते पाहिलं. मग टेबलावरची चित्रं पाहिली आणि काय चाललंय ते विचारलं. त्यानं सांगितल्यावर ती हसली. ताईनं जन्मभर कानीकपाळी ओरडून झालं नाही ते काम एका परक्या पोरीनं करायला लावलं म्हणायचं, असं म्हणाली.

तो हसला नाही. पेन्सिलीला टोक होतं, तरी तो ते करत राहिला.

"नीट केला की तो जाईल," तो म्हणाला.

"काय जाईल?"

"तिचा गुडघा."

मेहुणीनं हातातल्या डब्याचं झाकण लावलं, उगाच पुन्हा काढलं.

"भावजी, ताईला तो तिथे नको होता," ती म्हणाली. "बगळ्याला तर नकोच होता. तुम्ही एकटेच धरून बसलाय."

तिनं डबा खाली ठेवला, कपाटाची मूठ धरली आणि पाय उचलला. लगेच लटपटली आणि कपाटालाच टेकली. आपलं वजन पेलणारा बगळा अजून जन्मायचा आहे, म्हणाली. मग जाता जाता तिनं विचारलं, ताई कुठला पाय वर घ्यायची?

"उजवा," तो म्हणाला. त्याला आठवावं लागलं नाही.

ती गेल्यावर तो उठला. डाव्या हातानं मूठ धरली, उजवा पाय वर घेतला, मान आत ओढली. थोड्याच वेळात खालची पोटरी थरथरू लागली. त्यानं तरीही पाय टेकला नाही. बायको अशी अख्खी दुपार उभी राहायची, आणि वर विचारायची, चहा टाकू का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन कालव्यावर गेला. बगळा लगेच आला नाही. आला तेव्हा त्यानं वहीत त्याचा पाय काढला, पुन्हा काढला, उन्हं तापेपर्यंत काढत राहिला. घरी येऊन त्यानं एकेक चित्र घेतलं. जुना गुडघा ओल्या ब्रशनं विरघळवून टिपकागदावर उचलून घेतला, आणि कागद वाळल्यावर त्या जागी बगळ्याचा पाय बसवला. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या पानाला लागला. त्या पानावर आधी फक्त बगळा होता आणि समोरचा रिकामा काठ.

संपादिका आली तेव्हा तो ब्रश धूत होता. तिनं चित्रं काचेवर मांडली. एकेकाजवळ वाकून पाहत ती खुलत गेली. आता कुणाची काही म्हणायची बिशाद नाही, अगदी खरा बगळा, असं म्हणाली. शेवटच्या चित्रापाशी ती थांबली.

समोरच्या काठावर, गवतात, एक लोखंडी कपाट उभं होतं. कपाटाची मूठ धरून एक बाई एका पायावर उभी होती, मान खांद्यांत ओढून. अलीकडच्या काठावरचा बगळा तिच्याकडे बघत होता.

"काका, या बाई गोष्टीत नाहीत."

"नाहीत," तो म्हणाला. "ती त्याला उभं राहायला शिकवतेय."

संपादिकेनं त्याच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. ते भिंतीला होतं तिथेच होतं. मग ती पुन्हा चित्रावर वाकली.

"तिचा गुडघा तेवढा बघून घ्या," तो म्हणाला.

तिनं पेन्सिल बोटभर वर धरली आणि वेळ घेऊन पाहिलं.

"बरोबर आहे, काका."

त्यानं ओला ब्रश फडक्यावर टिपला आणि टेबलाखालचा दिवा बंद केला.