तळहातावरचा हुरडा

दादांनी कणीस मोडलं, चार दाणे दाताखाली धरले, डोळे मिटले आणि म्हणाले, "झाला. ह्या रविवारी बोलव लोकास्नी."

दादा म्हणजे माझे सासरे, महिपती. मी तेव्हा बांधावर उभी राहून बाकांकडे बघत होते. पाहुण्यांना बसायला बाकं मागवली होती, आणि त्यातली दोन जरा वेगळ्याच हिरव्या रंगाची आली होती.

"ह्या रविवारी नको दादा. पुढच्या रविवारी करू. बाकं बदलून येतायत."

"बाकं खायाची हायेत का हुरडा?" मागून सासूबाई म्हणाल्या.

उरलेलं कणीस दादांनी माझ्या हातात दिलं आणि मोटर बंद करायला गेले.

आमचं रान वाघोलीत आहे. रान आम्ही म्हणतो. आजूबाजूच्या टॉवरमधले लोक त्याला 'मधला मोकळा प्लॉट' म्हणतात. मुक्ता पोटात असताना मी नोकरी सोडली आणि ह्याच लोकांना घरची पालेभाजी पोचवायला लागले. दादा पिकवतात, सासूबाई जुड्या बांधतात, ऑर्डरी मी घेते आणि माझा नवरा, संतोष, खराडीला ऑफिसला जाता जाता पिशव्या पोचवतो. चांगलं चाललंय. पण पाठवण्याआधी प्रत्येक जुडी मी पुन्हा सोडते. पानाला भोक दिसलं, काढ. देठ लांब, छाट. सासूबाई शेजारी बसून बघत असतात. "मेथी हाय ती, नवरी न्हाई," एकदा म्हणाल्या होत्या. मी हसले आणि पुढची जुडी सोडली.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामाला होते. जवळपास बरोबर असं काही नसतं, असं ते जेवतानासुद्धा म्हणायचे. त्यांच्या कामात ते खरंच असेल. मी ते मेथीला लावलं.

हुरड्याची कल्पना माझी. येत्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या तुकड्यातून रस्ता जाणार आहे. मोजणी झाली, दगडही रोवले गेले. मागचा भाजीचा तुकडा तेवढा राहील. म्हणून दादांनी शेवटचं पीक म्हणून पुढे मुद्दाम गूळभेंडी जोंधळा पेरला, खास हुरड्याचा. मी म्हटलं, आपली भाजी घेणाऱ्या घरांना एकदा बोलवू या. त्यांनाही कळेल भाजी येते कुठून.

"बोलव की," दादा म्हणाले. "पर मुक्ता माझ्याजवळ बसंल. तिच्या बापाला ह्याच आगटीवर चारलाय म्या, तळहातावर. तिला अजून न्हाई."

खरंच नव्हता चारला. एका हिवाळ्यात तिला खोकला होता. नंतरच्या हिवाळ्यांत मीच नको म्हटलं. आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर, राख, दादांचे काळे झालेले हात, आणि तो गरम दाणा थेट तिच्या तोंडात. ह्या वर्षी मात्र मी हो म्हटलं. फक्त एवढंच म्हटलं की पाहुण्यांच्या दिवशीच करू, सगळं नीट मांडून.

दाण्यात दूध आहे तोवर हुरडा. दूध आटलं की ती नुसती ज्वारी. मधले दिवस फार नसतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न होऊन आल्यापासून बघत होते.

बाकं बदलून आली. मग शेजारच्या बांधकामाची धूळ उडते म्हणून एका बाजूने हिरवी जाळी लावायला घेतली. ती कोपऱ्यात झोल खात होती. हात धुवायच्या जागेपाशी चिखल होत होता. मोटरच्या खोलीमागे पाइपाचा एक जॉइंट गळायचा, तो दुरुस्त कर म्हणून संतोषच्या मागे लागले होते, आणि तो "करतो गं" म्हणून निघून जायचा. तोही रविवार मी पुढे ढकलला.

"एवढं कोण बघतंय पूर्णिमा?" संतोष म्हणाला.

"मी बघतेय ना."

"तेच म्हणतोय मी."

दादा रोज सकाळी एक कणीस आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला लागले. नुसतं ठेवायचे आणि चहा घेऊन बाहेर जायचे. मी दाणा नखाने दाबून बघायचे. पांढरं दूध नखावर यायचं. मग थोडं कमी आलं. मग एका सकाळी नुसतं ओलसर लागलं. त्या दिवशी मी सगळ्यांना मेसेज टाकला: ह्या रविवारी नक्की.

हातमोजे आदल्या दिवशी आणले. हॉटेलात वाढपी घालतात तसे, पातळ प्लास्टिकचे. माझं सगळं ठरलं होतं. दादा भाजतील आणि चोळतील, मोजे घालून. मग मी तो हुरडा छोट्या डब्यांत सारखा भरीन, शेजारी गूळ आणि शेंगदाण्याची चटणी, वर झाकण, आणि डबे बाकांवर नेऊन देईन. कुणाचे हात काळे व्हायला नकोत, कुणाला कमी-जास्त नको.

दादांनी मोजे घातले. दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून बघितले आणि सासूबाईंना म्हणाले, "आपरेशन हाय आज."

"कुनाचं?"

"जोंधळ्याचं."

आगटीभोवती बसलेले हसले. मीही हसले, पण माझं लक्ष मुक्ताच्या पांढऱ्या फ्रॉककडे होतं. ती आजोबांजवळ बसायला निघाली तशी मी तिला दंड धरून बाकावर आणलं. "इथे बस. तुला डबा मिळणारे."

गरम कणीस दोन तळहातांत धरून चोळायला दादांनी सुरुवात केली. थोड्या वेळाने ते एकदम थांबले. मोजा आकसून उजव्या तळहाताला चिकटला होता. त्यांनी तो सावकाश सोलून काढला. खाली कातडी लाल झाली होती. संतोष पाणी घेऊन धावला.

"काई न्हाई, काई न्हाई," दादा म्हणाले. उठले आणि मोटरच्या खोलीकडे जाऊन बसले.

पुढचा हुरडा संतोषने चोळला, जमेल तसा. मी डबे भरले. शेवटचा डबा भरेपर्यंत पहिला गार झाला होता. आणि आधीच दाणा निबर. लोक चावत राहिले. पाचव्या मजल्यावरच्या पायलताई नेहमी माझी बाजू घेतात, त्या म्हणाल्या, "जागा किती स्वच्छ ठेवलीये!" त्यांचे यजमान, केयूर, डबा उलटसुलट करून बघत होते.

"वहिनी, डबे कुठून घेतलेत? छान आहेत."

हुरड्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. मुक्ताने दोन दाणे चघळून बाहेर काढले, डब्याचं झाकण नीट लावलं आणि डबा मला परत दिला. "टोचतंय," म्हणाली. मी मोटरच्या खोलीकडे पाहिलं. दादा तिच्याकडेच बघत होते.

संध्याकाळी सासूबाईंनी दादांच्या हाताला तूप लावलं. मी दारात उभी होते. सॉरी म्हणायला आले होते, आणि म्हणाले काय, तर, "दादा, पुढच्या वेळी जाड मोजे आणते."

सासूबाईंनी वर पाहिलं. "पुढची येळ कुठं हाय?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जोंधळा काढला. कडबा एका गोठेवाल्याने नेला. पुढचा तुकडा रिकामा झाल्यावर ते मोजणीचे दगड खिडकीतून दिसायला लागले. ज्वारी चांगली आली, भाकरी गोड होते.

मग एका सकाळी दादांनी बाहेरून हाक मारली. "मुक्ते! ए मुक्ते! आईला बी आन."

मोटरच्या खोलीमागे, त्या गळक्या जॉइंटपाशी, ओलीवर जोंधळ्याची काही ताटं उशिरा फुटली होती. कापणीत ती सुटली, का दादांनी सोडली, मी विचारलं नाही. बारकी कणसं, हिरवी. दादांनी एक दाणा माझ्यासमोर धरला आणि नखाने दाबला. दूध आलं.

तो जॉइंट गळत राहिला म्हणून.

बाकं नव्हती, जाळी एव्हाना एका बाजूने सुटून लोंबत होती. दादांनी गोवऱ्या पेटवल्या. मुक्ता शाळेच्या गणवेशात होती. रिक्षा यायची वेळ झाली होती, आणि तिचे पांढरे मोजे राखेच्या अगदी कडेला. माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती. मी ओठ आवळून उभी राहिले.

दादांनी कणीस निखाऱ्यांतून ओढलं, उघड्या हातांनी चोळलं, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि तळहात मुक्तासमोर धरला. हिरवे दाणे, वाफ, आणि दाण्यांखाली तो भाजल्याचा डाग, कडेने पांढरा झालेला.

मुक्ता पुढे झाली नाही. तिने आधी तो हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, आजोबांनी ग्लोव्हज नाही घातले."

दादांचा हात तसाच होता. मागे घेतला नाही, पुढे केला नाही.

"हात काळे आहेत ना त्यांचे," ती हळू आवाजात म्हणाली. माझाच आवाज तो. मी नको तिथे हळू बोलते, अगदी तसा. "डब्यात दे ना."

"डबा न्हाई गं बाय," दादा म्हणाले आणि दाणे निवू नयेत म्हणून त्यांनी बोटं मिटून घेतली.

मी उकिडवी बसले आणि माझा हात पसरला. दादांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मूठ माझ्या हातावर उघडली. मी सगळे दाणे एकदम तोंडात टाकले. चटका बसला, राख दातांत करकरली, आणि तिच्यामागून तो दुधाळ गोडवा आला. इतक्या वर्षांत मीही कधी दादांच्या हातून खाल्ला नव्हता. वाटीत घ्यायचे मी, चमच्याने.

"मस्त आहे?" मुक्ताने विचारलं.

तोंड भरलं होतं. मी मान डोलावली.

दादांनी दुसरं कणीस चोळलं. ह्या वेळी मुक्ताने त्यांच्या तळहातावरून दोन बोटांनी एकच दाणा उचलला. गणवेशाला पुसला. सगळ्या बाजूंनी तपासला. खाल्ला. मग दुसरा, तोही पुसून. मग दोन. मग तिने पुसणं सोडलं आणि आजोबांचं मनगट दोन्ही हातांनी धरून तोंड थेट तळहातात घातलं. दादा हसायला लागले, त्यांचा हात हलायला लागला, आणि "हलवू नका ना आजोबा!" म्हणून ती ओरडली.

कणसं होतीच किती. ती लगेच संपली.

"अजून," मुक्ता म्हणाली. तिच्या हनुवटीला काळं लागलं होतं.

दादांनी काठीने आगटी उकरली. एक देठ निघालं, रिकामं. त्यांनी पुन्हा उकरलं, उगाच. मग माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी, असं माझ्या जिभेवर येऊन गेलं. दादांच्या पाठीमागे तो रिकामा तुकडा होता.

चोळताना काही दाणे खाली सांडले होते, राखेत. मी ते एकेक करून वेचायला लागले. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, परत वाजला. मी वेचत राहिले, आणि न पुसता मुक्ताच्या हातावर ठेवत गेले.