आरशाचा स्क्रू

सरकारने योजना जाहीर केली तेव्हा शहरातले जुन्या गाड्यांचे मालक खूश झाले आणि एकटा मिस्त्री मनातून खचला. पंधरा वर्षांवरची गाडी मोडीत द्या आणि नव्या गाडीवर घसघशीत सवलत घ्या, अशी ती योजना. लोकांना वाटलं, पोटावर पाय येणार म्हणून याचा चेहरा उतरलाय. पोटाचं काही नव्हतं. गॅरेजला कामाचा तोटा नव्हता, आणि एकट्या माणसाला लागतं किती? त्याचा जीव अडकला होता एका हिरव्या गाडीत, आणि खरं सांगायचं तर गाडीतही नाही.

ही गाडी वाचनालयाच्या बाईंची. तिचे पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे होते, म्हणून सगळा रस्ता तिला बेडकी म्हणायचा. एकोणीस वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा गॅरेजमध्ये आल्या त्या आरसा हातात घेऊनच. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरचा, मागचा रस्ता दाखवणारा तो आरसा. एका स्क्रूवर लटकायचा, आणि तो स्क्रू पडून हरवला होता. मिस्त्रीने नवा बसवला, बाईंना स्टिअरिंगपाशी बसवलं, स्वतः शेजारच्या सीटवर बसला आणि आरसा हळूहळू फिरवत विचारलं, मागचं दिसतंय का? बाई म्हणाल्या, थोडा इकडे. आरसा थोडा इकडे आला आणि त्यात क्षणभर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसले. झालं. तेवढ्यावर मिस्त्रीने पुढची एकोणीस वर्षं काढली.

कारण तो स्क्रू वर्षातून दोन-तीनदा पडायचाच. बाई यायच्या, आरसा पुन्हा उतरला म्हणायच्या. स्क्रू कुठेय विचारलं तर वाटेत पडला असेल म्हणायच्या. मिस्त्री नवा बसवायचा, आणि पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लावायचा. त्या पाऊण तासात बोलणं व्हायचं ते क्लचबद्दल, चाकांतल्या हवेबद्दल, सायलेन्सरच्या खोकल्याबद्दल. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले बाईंचे वडील गेले तेव्हाही मिस्त्रीने छातीचा कोट करून विचारलं काय, तर बॅटरी नीट चालतेय ना. बाई म्हणाल्या, चालतेय. अशी ही दोन शहाणी माणसं. दोघांचे केस पांढरे झाले, पण गाडीपलीकडचा एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही.

मिस्त्रीकडे एक निळा गोंद होता. त्याचा थेंब स्क्रूच्या आट्यांना लावला की स्क्रू जन्मात हलत नाही. येईल त्या गाडीला तो लावायचा. बेडकीला मात्र कधी लावला नाही. आपण बाईंना फसवतोय याची त्याला लाज वाटायची, आणि रस्त्याच्या टोकाला बेडकी दिसली की लाज कुठल्या कुठे पळायची. वरच्या मजल्यावर राहणारी वहिनी खिडकीतून सगळं बघत असे. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "भावजी, तुम्ही लोकांची अख्खी इंजिनं बसवलीत. तुम्हाला तेवढा एक स्क्रू बसवता येईना?" मिस्त्रीने खाली मान घालून जेवण उरकलं.

योजनेचे शेवटचे पंधरा दिवस उरले तेव्हा बाई अर्ज घेऊन आल्या. आरसा या खेपेलाही हातातच होता. अर्ज त्यांच्या भाच्याने भरून दिला होता. नवी गाडी कशी छान, पाच वर्षं कंपनीच बघणार, बाहेरच्या मिस्त्रीचं तोंड बघायला नको, असं भाचा म्हणाला होता. बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं आणि मग उगाचच पर्स उघडून बंद केली. योजनेची अट अशी, की मोडीत निघणारी गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत यायला हवी, दिवे, हॉर्न, आरसे जागच्या जागी हवेत, आणि तसं मिस्त्रीने लिहून द्यायला हवं. मरायला निघालेल्या गाडीने आधी धडधाकट असल्याचा दाखला आणायचा. सरकारी डोकं म्हणतात ते हेच.

"देऊ की ठेवू?" बाईंनी विचारलं. "तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवते."

ठेवा हा शब्द मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आला. पण गाडीखाली तोच तर शिरायचा. खालचा पत्रा कुठे कुठे गंजून चाळणी झालाय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपल्याला आरशातली दोन मिनिटं हवीत म्हणून बाईंनी त्या पत्र्यावर पाय ठेवून रस्त्यावर फिरायचं का?

"द्या," तो म्हणाला. "पत्रा गंजलाय."

बाईंनी मान डोलावली. मिस्त्रीने दाखल्यावर सही केली. मग, सही केलीच आहे तर निदान ती तरी खोटी ठरायला नको म्हणून, त्याने फळीवरची बाटली काढली, स्क्रूला निळा थेंब लावला आणि आरसा बसवला. आता नाही ना पडणार, बाईंनी विचारलं. तो म्हणाला, आता कधीच नाही. त्या दिवशी मागचं दिसतंय का, हे त्याने विचारलं नाही, आणि थोडा इकडे, असं त्याही म्हणाल्या नाहीत.

गाडी पोचवायच्या दिवशी मिस्त्री सोबत गेला. वाटेत बंद पडली तर, असं कारण होतं. बेडकी मेली कुठेही बंद पडली नाही, उलट कधी नव्हे ती लोण्यासारखी चालली. मोडीचं आवार शहराबाहेर होतं. तिथल्या माणसाने दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, आरसा हलवून पाहिला आणि कागदावर खुणा केल्या. मग इंजिनातलं तेल काढून त्यात कसलंसं औषध ओतलं आणि गाडी जागीच जोरात सुरू ठेवली. असं केलं की इंजिन आतून घट्ट होऊन बसतं, पुन्हा कुणाला वापरता येत नाही. त्याला पाचेक मिनिटं लागतात, म्हणाला.

त्या पाच मिनिटांत बाईंनी पर्समधून खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी डबी काढून मिस्त्रीच्या हातावर ठेवली. डबी आकाराच्या मानाने फार जड होती. त्याने झाकण उघडलं. आत स्क्रू होते, चाळीसेक तरी, सगळे एकाच मापाचे. प्रत्येकाची खाच नाण्याने खरवडलेली.

"पहिला खरंच पडला होता," बाई म्हणाल्या. "बाकीचे मी काढले."

मिस्त्रीने एक स्क्रू उचलून त्याची खाच अंगठ्याने चाचपली.

"काल तोही काढायला गेले. वाटलं, आरसा नाही म्हणून परत पाठवतील, थोडे दिवस मिळतील. तो हलेना. मग कळलं. मी ठेवू का म्हटलं, तुम्ही द्या म्हणालात. वर तोही कायमचा बसवून टाकलात. बरोबर आहे. किती वर्षं तोच खेळ खेळायचा माणसाने."

इंजिन किंचाळलं, खडखडलं आणि बंद पडलं. या गाडीचा प्रत्येक आवाज मिस्त्रीला पाठ होता, पण त्यानंतरची ही शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. त्याला गाडीचं वाईट वाटलं, गेलेल्या वर्षांचं त्याहून वाटलं, आणि या बाई आता नव्या गाडीत बसून निघून जातील या भीतीने अखेर त्याचं तोंड उघडलं.

"तो गोंद एकोणीस वर्षं माझ्या फळीवर आहे, बाई. सगळ्यांच्या गाड्यांना लावला. तुमच्या गाडीला नाही लावला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आरशातून नव्हे, समोरून.

"मग पत्रा गंजलाय म्हणालात ते?"

"ते खरं होतं."

आवारातल्या माणसाने पावती आणून दिली. बाईंनी ती न वाचताच पर्समध्ये टाकली. दोघं फाटकाबाहेर बसथांब्यावर येऊन बाकावर टेकले, मध्ये डबी ठेवून. बस यायला चाळीस मिनिटं होती, आणि गाडीबद्दल बोलण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.