न दुखलेली सुई

आमच्या ह्यांना, म्हणजे शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना, कुठेही न्या, ते पहिल्या रांगेत बसणार. दवाखान्यातसुद्धा. सुईवाल्या बाईंनी त्या संध्याकाळी लोकांना बोलावलं होतं. ॲक्युपंक्चर म्हणजे काय, कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, हे त्या समजावून सांगणार होत्या. माझी कंबर मला छळते, म्हणून मी निघाले. मास्तर सोबत आले. आणि सूनबाईला मी ओढून आणलं, कारण तिला शिलाईच्या दुकानात एकटी सोडायला माझं मन धजत नव्हतं.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. नुकताच बँकेतल्या बाईंचा कोट बिघडला होता. भारी कापड, आणि एक बाही चांगली चार बोटं तोकडी. "सूनबाईंनी बेतलं," मास्तर म्हणाले. झालं! मी त्या बाईंच्या देखत तिची खरडपट्टी काढली. कापडाला हात लावायची लायकी नाही तुझी, असंसुद्धा बोलले. तिने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला बेतायच्या टेबलावरून उठवून काज-बटणांवर बसवलं. मुलगा दूर नोकरीला, म्हणजे मास्तरांच्या मागे दुकान तिनेच सांभाळायचं हे ठरलेलं. तिचा हातही तसा सफाईदार होता. आता हिचं आणि दुकानाचं काय होणार, या काळजीने माझं डोकं उठलं होतं.

दवाखाना म्हणजे एकच लांबट खोली. भिंतीवर माणसाचं चित्र, अंगभर ठिपके आणि रेघा. प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या, आणि आमच्या बरोब्बर मागे त्याच बँकेतल्या बाई. मला पाहून त्यांनी मान फिरवली. सूनबाई खाली फरशीकडे बघत बसली.

"ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते," सुईवाल्या बाई सांगत होत्या. "हिच्यातून औषध जात नाही. केसासारखी बारीक असते, आणि एकदा वापरली की फेकून द्यायची. उपाशीपोटी येऊ नका, चक्कर येईल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि माझ्या भरवशावर कुणी आपली औषधं बंद करू नका. सगळं काही सुईने बरं होत नाही."

मला बाई आवडल्या. उगाच टेंभा मिरवत नव्हत्या. ते काम आमच्या घरच्यांनी केलं.

"अहो बाई, जन्म गेला माझा सुयांत!" मास्तर मोठ्याने म्हणाले. "मला काय सुईचं कौतुक?"

लोक हसले. मी कोपराने ढोसलं, पण ऐकतील ते मास्तर कसले.

"मग या, तुमच्यावरच दाखवते," बाई म्हणाल्या.

मास्तर ऐटीत पुढे जाऊन बसले आणि उजवा हात माझ्याकडे केला. बाहीचं बटण काढून द्यायला! भर सभेत मला उठून ते काढावं लागलं. सकाळी लावलंही मीच होतं. हल्ली यांनी हातातून पाडून फोडलेल्या कपांचे तुकडेही मीच उचलायचे. या वयात यांना लाड करून घ्यायची हौस आली आहे, असं मी समजत होते.

बाईंनी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा चाचपली, कापसाने पुसली. "आधी मुंगी चावल्यासारखं होईल, मग आत जड वाटेल, जरा ठणकेल. वाटलं की सांगा."

सुई आत गेली.

"काहीच नाही!" मास्तर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी दुसरा हात वर करून सगळ्यांना दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, आजच्या दिवसाची लाज एवढीच.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुई किंचित फिरवली. "आता?"

"सांगितलं ना, काही नाही!"

त्यांनी सुई काढली. "डोळे मिटा. मी एका बोटाला हात लावते, कुठलं ते सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. थोडा वेळ गेला. "लावा की," ते म्हणाले, "मी केव्हाचे मिटलेत."

बाईंनी त्यांचं पहिलं बोट केव्हाचंच चिमटीत धरलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं.

"हातातून वस्तू निसटतात का?" बाईंनी हळूच विचारलं.

मास्तरांनी डोळे उघडले आणि त्यांनी पाहिलं ते माझ्याकडे नाही, सूनबाईकडे. त्या एका नजरेत मला सगळं कळलं. बटण कळलं, फुटलेले कप कळले, आणि कोटही कळला.

सूनबाई चटकन उभी राहिली. "नाही हो, आजच जरा जड झालाय हात. आणि बेतायचं सगळं मीच बघते. बाबांच्या हाताचा काही प्रश्नच नाही."

"ते भोगलंय आम्ही," मागून बँकेतल्या बाई म्हणाल्या. दोघं-चौघं हसले. सूनबाईही हसली, तोंड कसंनुसं करून.

मास्तर गप्प राहिले. आणि मी? तोंड वर करून तिला बोलणारी मी, सगळं कळूनही गप्प बसले. मास्तरांचा हात गेला हे गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानात कोण येणार, हा विचार आधी आला. त्याची मला अजून लाज वाटते.

"आधी नसांच्या डॉक्टरांना दाखवा," बाई मास्तरांना म्हणाल्या. "सुयांचं नंतर बघू. पण हयगय करू नका."

आम्ही तिघं बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी मास्तर थांबले.

"कोट मी बेतला होता," मास्तर खाली बघत म्हणाले. "कात्री बोटांत आहे की नाही, तेच कळत नव्हतं."

मी सूनबाईचा दंड धरला. "उद्यापासून टेबलावर तूच बस. झालं गेलं विसर."

"नको, आई."

"रागावलीस?"

"राग नाही हो. परवा तुम्ही बाहेर गेला होतात, तेव्हा बसून बघितलं. माझंच जुनं कापड घेतलं. खडूने आखलं, कात्री लावली, आणि तुमचं ते बोलणं ऐकू यायला लागलं. हातच पुढे जाईना." आज डाळ उरली नाही, असं सांगावं इतक्या साधेपणाने ती सांगत होती. "बटणं बरी आहेत. त्यांत काही बिघडत नाही."

मी तिला बोलले होते ते चार लोकांत. आणि परत घेत होते रस्त्याच्या कडेला, हळू आवाजात.

"मागे फिरा," मी मास्तरांना म्हटलं. ते लगेच वळले. सूनबाई नको नको म्हणत राहिली, पण आमच्या मागोमाग आली.

सभा अजून उठली नव्हती. बँकेतल्या बाई सुईवाल्या बाईंना काहीतरी विचारत होत्या. आम्हाला दारात पाहून सगळे वळले. धरणी पोटात घेईल तर बरं असं होत होतं, तरी मीच सुरुवात केली, "बाई, तुमचा कोट सूनबाईने बेतला नव्हता."