अर्धी मिशी

लिफ्ट बंद, भरलेला सिलिंडर खाली आणि घर चौथ्या मजल्यावर. पैज इथूनच लागली.

"माझी बायको एका दमात वर नेते," नवरा म्हणाला. "मध्ये बसली तर अर्धी मिशी उतरवीन, सगळ्यांसमोर."

"बसणार," शेजारचे शिंपीकाका म्हणाले. "नाही बसली तर माझी अर्धी."

नवऱ्याला सगळे उंदीरमास्तर म्हणत. प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयांवर संशोधन, आणि ओठावर उंदरालाही हेवा वाटावा अशी मिशी. जिन्यात कुणी सापडलं की भाषण सुरू. "हृदयाची रक्तवाहिनी थोडी चिमटायची, सोडायची. परत चिमटायची, सोडायची. मग पुढे मोठा अडथळा आला तरी हृदय कमी मरतं. अहो, नुसता पाय आवळून सोडला तरी हृदयाला फायदा."

सासूबाई खूश. "मग मी सुनेला वेगळं काय करते? चिमटते, सोडते. बघा कशी टणक झालीय."

सोडत कधी होत्या, ते कुणी विचारलं नाही. सून तापाने फणफणली तरी गाद्या गच्चीवर तिनेच न्यायच्या, आणि जेवायचं सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर. महिनाभर ती सांगत होती, "अहो, जिना चढताना जबडा दुखतो. हात जड होतो."

"बडबड कमी कर, जबडा थांबेल," मास्तर म्हणाला. सासूबाईंना नेमकं तिचं दुखणं तेवढंच ऐकू यायचं नाही.

तर सून निघाली. दुसऱ्या मजल्यावर तिने सिलिंडर कठड्याला टेकवला.

"बसू नकोस गं, मिशीचा प्रश्न आहे," नवरा खालून ओरडला. अख्खा जिना हसला.

तिसऱ्यावर ती घामाने निथळत होती, ओठ पांढरे. "मळमळतंय."

"नाटकं," सासूबाई वरून म्हणाल्या. "चढ."

चौथ्याच्या अलीकडे सिलिंडर सुटला, घणघणत खाली गेला. ती भिंतीला धरून बसली.

"बसली," शिंपीकाकांनी टाळी वाजवली. ती उठेना, तेव्हा त्याच हातांनी तिला उचलून गाडीत घातलं.

ती वाचली. हृदयाचा एक भाग मात्र गेला तो गेलाच. दवाखान्यातून आली ती भावाच्या गाडीतून, आणि अंगणातच खुर्ची मागितली.

"पैज कोण हरलं? फेडा."

"अगं, लोक बघतायत."

"तेव्हाही बघत होते."

शिंपीकाकांनी कात्री काढली. अर्धी मिशी मातीत पडली. सवयीने कुणीतरी हसलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"जाऊ दे रे," सासूबाई म्हणाल्या. "उगवेल परत."

"मिशी उगवेल," सून म्हणाली. "माझ्या हृदयाचा मेलेला भाग उगवतो का? तुमचाच विषय आहे, सांगा. जोरात, आईंना कमी ऐकू येतं."

मास्तर पुटपुटला.

"आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जाऊ दे."

"नाही उगवत," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं.

ती उठली. जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावाने गाडीचं दार उघडं धरलं होतं.