शनिवारपासून पेज बंद

"तारीख सांग," क्लेटन साहेब म्हणाला. "आठवडा नको, महिना नको. दोहा ऑफिसला तारीख पाहिजे. कॅम्प नॉर्मल कधी होणार?"

तो इंजिनियर, मी त्याचा टाइमकीपर. एकशे चाळीस माणसांची हजेरी मांडणं हे माझं काम. साल १९५७, महिना ऑगस्ट. दोह्याहून अल खोरकडे जाणारा रस्ता आमची ठेकेदार कंपनी बांधत होती. समैस्मा गावाच्या अलीकडे खजुराच्या झापांच्या झोपड्यांत आम्ही राहत होतो, बहुतेक सगळे रत्नागिरी आणि कुलाब्याकडचे मुसलमान. जुलैत मुंबईच्या बोटीतून तो ताप आला. रेडिओ त्याला एशियन फ्लू म्हणायचा. त्याच बोटीतून दोन गोरेही खोकत उतरले होते, पण नाव पडलं ते आमच्या खंडाचं.

नॉर्मल या शब्दाचा अर्थ मला तोवर कळून चुकला होता. आमचे हात परत फावड्यांवर आले की झालं जग नॉर्मल. साहेबाला स्वतःला ताप आला तेव्हा तो दोह्यात कूलरच्या खोलीत बारा दिवस झोपून आला. आम्हाला तीन दिवस. चौथ्या दिवशी कंपाउंडर तोंडात थर्मामीटर घालायचा, आणि पारा खाली दिसला की मी नावापुढे 'फिट' लिहायचो.

फजलच्या नावापुढेही मीच लिहिलं होतं.

फजल माझ्या वाडीचा, दाभोळच्या खाडीकडचा. त्याच्या आईला, सुगराचाचीला, शब्द देऊन मी त्याला इथे आणलं होतं. चौथ्या दिवशी तो डांबराच्या भट्टीवर उभा राहिला आणि तीन तासांत कोसळला. भट्टीच्या उलट्या बाजूला पडला म्हणून वाचला. तेव्हापासून पंधरा दिवस तो चटईवर होता. ताप नव्हता. पण अर्धी बादली पाणी उचललं तरी बरगड्या धरून खाली बसायचा.

तर तारीख. मला ती ठाऊक नव्हती, पण कुठे मिळेल याचा अंदाज होता. मेसमध्ये, वलीचाचाच्या डालड्याच्या डब्यात.

वलीचाचा आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. पंचावन्न वर्षांचा, अर्धं आयुष्य बोटींच्या भटारखान्यात गेलेलं. रोज तो सगळ्यांचा भात आणि मासळीचं कालवण करायचा आणि आजाऱ्यांसाठी वेगळ्या पातेल्यात पेज शिजवायचा. सकाळी पेजेचा एक डाव वाढला की रिकाम्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. चिंचेला आमच्याकडे तोटा नव्हता. संध्याकाळी चिंचोके मोजायचे आणि उद्याच्या पेजेला तांदूळ काढून ठेवायचे, एवढ्याचसाठी तो डबा. समैस्माचा कोळी मासळी घेऊन यायचा, तोही डब्यात डोकावून किती टोपल्या उतरवायच्या ते ठरवायचा.

"ताप उतरला की थर्मामीटरला वाटतं माणूस बरा झाला," चाचा म्हणायचा. "तसं नाय. ज्याच्या तोंडाला चव नाय, तो बरा नाय. जो आपणहून कालवण मागतो आणि वर माज्या हाताला नावं ठेवतो, तो बरा."

तीन आठवडे मी सहज म्हणून रोजचा आकडा वहीत लिहून ठेवत होतो. जास्तीत जास्त सत्त्याण्णव झाले होते. आता रोज तीन-चार कमी होत होते. त्या सोमवारी चौसष्ट होते. मी चौकटीच्या कागदावर ठिपके मांडले, पट्टी लावली, रेघ ओढली. रेघ तळाला टेकली ती ३१ ऑगस्टला.

मॅट्रिक नापास माणसाने साहेबाच्या टेबलावर असा कागद ठेवला याचा मला माज चढला होता. खोटं कशाला सांगू.

साहेबाने रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे पेज खातो तो आजारी आणि जेवण जेवतो तो फिट. बरोबर?"

"होय सर," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पण त्या दोन शब्दांनी काय केलं ते मला गुरुवारी कळलं, जेव्हा त्याने मला टाइप करायला नोटीस दिली. शनिवारी दोह्याचा मोठा इंजिनियर रस्ता बघायला येणार होता. नोटीस अशी होती: शनिवार, १७ ऑगस्टपासून कॅम्प नॉर्मल आहे. मेसमध्ये सर्वांसाठी एकच जेवण शिजेल. जो मेसमध्ये जेवेल तो कामाला फिट समजला जाईल.

खाली माणसांची वाटणी होती. डांबराच्या भट्टीपुढे फजलचं नाव.

"सर," मी म्हणालो, "आज सकाळी चोपन्न माणसांनी पेज खाल्लीय."

"शनिवारी एकही खाणार नाही," साहेब म्हणाला. "पेजच नसेल."

तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. त्याने माझाच कागद घेऊन माझ्यासमोर हिशेब सोडवला होता, आणि त्याच्या मते उत्तर बरोबर आलं होतं.

मी नोटीस टाइप केली. हो, केली. मग मेसमध्ये गेलो.

वलीचाचा चिंच कोळत बसला होता. मी नोटीस वाचून दाखवली. त्याने हात धुतले नाहीत, तसाच बघत राहिला.

"डब्याचं त्याला कोणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"त्याने तारीख विचारली."

"त्याने तारीख विचारली आणि तू माजा डबा नेऊन दिलास. शाबास. शिकलेला हायस ना."

मी म्हणालो, "चाचा, उद्या डब्यात पन्नासेक चिंचोके जास्त टाकू. शंभरावर आकडा दाखवतो मी. साहेब घाबरेल."

चाचाने कोळलेली चिंच परातीत आपटली. "खोटा चिंचोका टाकायचा नाय. एकदा टाकलास की उद्यापासून मलाच कळायचं नाय किती तांदूळ घ्यायचे. आणि त्याने खोटं पकडलं की मग खऱ्यालाही कोण विचारतो?"

मग तो पुन्हा चिंच कोळायला लागला. बोलला तेव्हा चिंचेकडे बघूनच बोलला.

"अठरा सालची मानमोडीची साथ आली तेव्हा मी सोळा वर्षांचा. माजा मोठा भाऊ हाफिज. पाच दिवस तापला, सहाव्या दिवशी ताप गेला. गलबताचा मालक दारात आला. म्हणाला, साथ संपली, बंदर सुरू झालं. साथ संपली हे त्याने ठरवलं होतं. हाफिज गेला. तीन दिवस गोणी वाहिल्या, चौथ्या दिवशी तोंडातून रक्त. वाडीत तापाने मेले त्याहून जास्त अशा लवकर उठण्याने मेले. मी मोजलेत." त्याने मान वर केली. "तू परत वाच ते. मधलं वाक्य."

"मेसमध्ये सर्वांसाठी एकच जेवण शिजेल."

"एकच?"

"एकच."

"कुठलं, ते लिवलंय?"

मी कागद पुन्हा बघितला. नव्हतं लिहिलेलं.

"मग झालं तर," चाचा म्हणाला. "हुकूम हाय. पाळायचा."

शुक्रवारी जुम्याच्या नमाजीनंतर त्याने सगळ्यांना थांबवलं आणि तीन वाक्यांत सांगितलं. शनिवारी सकाळी चुलीवर फक्त पेज. आजाऱ्यालाही पेज, धडधाकटालाही पेज. पोटभर मागायची नाय, आजाऱ्याला मिळते तेवढीच, एक डाव.

पहिला ओरडला तो इकबाल, रोड रोलरचा ड्रायव्हर. सहा फुटी, आणि ताप त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता.

"चाचा, मी काय बाळंतीण हाय? एका डावावर रोलर चालवू?"

"चालव जमेल तेवढा."

"आणि नाय जमला तर?"

"तर साहेबाला सांग, पेज खाऊन रोलर चालत नाय. तेच तर त्याला कळायला हवंय."

"मला मासळी पाहिजे," इकबाल म्हणाला.

तेव्हा मागून फजल बोलला. तो खांबाला टेकून बसला होता. "इकबालभाई, तू खा मासळी. माझ्यापायी कोणी उपाशी राहायला नको. शनिवारी मी जातो भट्टीवर." एवढं बोलून त्याला धाप लागली. तो खोकला आणि सगळे ते ऐकत उभे राहिले. चांगलाच वेळ चालला तो खोकला.

"तू गप बस मेल्या," इकबाल म्हणाला. "मरशील नि तुझं भूत माझ्या रोलरवर बसेल." मग चाचाकडे वळला. "एक डाव म्हणजे भरून ना? नायतर तुझा हात आखडता, सगळ्यांना ठाऊक हाय."

शनिवारी पहाटे एकशे चाळीस माणसांनी पेज खाल्ली. चाचाने प्रत्येक डावाला चिंचोका टाकला. एकही खोटा नव्हता. मी हजेरी मांडली. धडधाकट शहाऐंशी माणसं कामावर गेली, एकानेही नाही म्हटलं नाही. गुरुवारपासून आकडा हलला नव्हता, चोपन्न चटईवर राहिली. हजेरीच्या पानावर त्यांच्यापुढे मी 'फिट' लिहिलं नाही. 'आजारी' लिहिलं आणि खाली सही केली.

ऑगस्टमध्ये तिथे सकाळी सातलाच हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसते. आठ वाजता फावडी मंदावली. नऊला खडीवरची माणसं जिथे होती तिथेच खाली बसली. इकबालने रोलर रस्त्याच्या मधोमध उभा केला आणि त्याच्या सावलीत आडवा झाला. मुकादम 'यल्ला यल्ला', चला चला, ओरडून थकला. अकराला मोठा इंजिनियर यायचा होता.

साहेब मेसमध्ये शिरला तेव्हा त्याच्या हातात माझं हजेरीचं पान होतं.

"हे काय आहे?"

चाचा बोटीवरच्या हिंदुस्थानीत म्हणाला, "एकच जेवण, साहेब. नोटिशीत आहे. सगळ्यांनी खाल्लं."

"हा संप आहे."

"संप कसा? कामावर गेलीत माणसं. पोट कामावर गेलं नाही."

साहेबाने पेजेचं पातेलं बघितलं, मग डबा. डबा काठोकाठ भरला होता. तो माझ्याकडे वळला. "तू मला सांगितलंस, पेज खातो तो आजारी."

"चूक सांगितलं, सर," मी म्हणालो. "आजारी आहे तो पेज खातो. तुम्ही पेज काढून घेतलीत, आजार काढून घेतला नाहीत. आता सगळेच पेज खातायत. आजारी कोण नि धडधाकट कोण हे तुम्ही ताट बघून सांगा."

"तुम्हा दोघांना पुढच्या बोटीने परत पाठवीन."

"पाठवा," चाचा म्हणाला. "उद्याचे तांदूळ मोजून ठेवलेत. जो शिजवील त्याला सांगा, पेजेला पाणी पाचपट."

बोटीची धमकी मलाही होती. पण फजलला भट्टीवर पाडणारा शब्द माझ्या हातचा होता. तो मी दुसऱ्यांदा लिहिणार नव्हतो.

साहेबाने घड्याळ बघितलं. बाहेर रस्त्यावर रोलर उभा होता आणि त्याच्या सावलीतून इकबालचे दोन पाय दिसत होते. साहेब पेटीवर बसला. तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर कोणी दुसरा तारीख मागत होता, त्याच्या डोक्यावर तिसरा. पण त्या सगळ्या डोक्यांचं ओझं शेवटी फजलच्या बरगड्यांवर येऊन बसायचं, आणि ते मला मान्य नव्हतं.

"शहाऐंशी माणसांना जेवण कधी मिळेल?" त्याने विचारलं.

"पाऊण तासात," चाचा म्हणाला. "कोळी टोपल्या घेऊन बाहेरच बसलाय. दोन भांडी चढवायची परवानगी द्या."

"दोन?"

"दोन."

साहेबाने मान हलवली. मेसच्या खिळ्यावर लावलेली नोटीस मी काढून त्याच्या हातात दिली. तिच्या खालच्या यादीतलं फजलचं नाव त्याने स्वतः पेनने खोडलं. बाकीच्या आजाऱ्यांची त्रेपन्न नावंही.

"आता ३१ ऑगस्ट तरी नक्की?" तो म्हणाला. "दोह्याला तेवढं कळवतो."

माझी रेघ त्याच्या टेबलावरच होती. हो म्हणालो असतो तर प्रकरण मिटलं असतं. तोही खूश, मीही हुशार.

"नाही सर. ती रेघ मी पट्टीने ओढलीय. माणसं पट्टीने बरी होत नाहीत. मी रोज संध्याकाळी तुम्हाला आकडा देईन, खरा. तारीख देणार नाही."

"आणि दोह्याने विचारलं, तारीख कोण देत नाही, तर?"

"माझं नाव लिहा. शफीक, टाइमकीपर."

त्याने लिहिलं की नाही मला माहीत नाही. पुढच्या बोटीने मला पाठवलं नाही, एवढं खरं. पुढचं कंत्राट मात्र मला मिळालं नाही. ते असो.

३१ ऑगस्ट उजाडला. डब्यात त्या दिवशी एकोणीस चिंचोके होते. दुसऱ्या दिवशी तेवीस, कारण नवीन चार जण पडले. मग पुन्हा उतरायला लागले. साहेब रोज संध्याकाळी आकडा घ्यायचा. नॉर्मल हा शब्द त्याने माझ्यासमोर परत काढला नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, फजल ताटली घेऊन रांगेत आला. स्वतःच्या पायांनी, भिंत न धरता. चाचाने डाव भरला, पेज ओतली, आणि चिंचोका उचलला. फजलने तिथेच उभ्या उभ्या एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चाचा, मीठ कुठाय यात? महिनाभर हे पांढरं पाणी पाजतोयस. कोणी शिकवलं तुला शिजवायला?"

रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

चाचाने हातातला चिंचोका बघितला, आणि डब्यात न टाकता सदऱ्याच्या खिशात टाकला. मग फजलच्या हातातली ताटली ओढून घेतली, आणि दुसऱ्या भांड्यावरचं झाकण काढून त्याला कालवण वाढलं.

"आणखी आठ दिवस भट्टी नाय," तो म्हणाला. "शफीक, लिव."

मी लिहिलं. त्या दिवशी संध्याकाळी साहेबाला आकडा दिला: सहा.