खुर्ची होणार नाही म्हणजे नाही

मी एक जुनी लाकडी स्की आहे, पायाला बांधून बर्फावरून घसरत जायची लांब पट्टी. खरं तर आम्ही दोघी आहोत, भूर्जाच्या एकाच ओंडक्यातून निघालेल्या जुळ्या बहिणी. उजवी पहिल्यापासून अबोल, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे, डावीकडे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रडगाणं गाणार नाही.

एका डोंगरी सुताराने आम्हाला घडवलं. वाफ देऊन टोकं वाकवली, तळाला पाईनचं डांबर लावलं आणि आगीवर धरून ते लाकडात पार मुरवलं. पहिला मालक रेल्वेत होता. डोंगरमाथ्यावर रुळांची पाहणी करायला तो आमच्यावरून जायचा. तेवीस हिवाळे! वादळात गाडी अडकली की सगळ्यांत आधी आम्ही पोचायचो. मग प्लास्टिकच्या रंगीत स्की आल्या आणि आमची रवानगी तळघरात झाली. तिथे आम्ही कोळ्यांना जाळी बांधायला उपयोगी पडलो.

शेवटी नॉर्वेच्या बर्गन शहरात, शाळेच्या बँडला पैसे जमवायला भरलेल्या जुन्या बाजारात आम्हाला मांडलं. तिथे बोरघिल्डबाई आल्या. वय सहासष्ट, जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं फाडलेली. "हात वर करा बघू," विकणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांनी मला बोरघिल्डबाईंशेजारी उभं केलं; उंचीला योग्य स्कीचं टोक वर केलेल्या हाताच्या मनगटाला लागतं, आणि माझं बरोबर लागलं. "मापात आहेत हो!"

बोरघिल्डबाई कधीच स्कीवर उभ्या राहिल्या नव्हत्या. बर्गनला पाऊस फार, आणि त्यांचं बालपण बेटावर मासे साफ करण्यात गेलं. शाळेची सहल डोंगरावर गेली तेव्हा स्की नाहीत म्हणून त्यांना एकटीला वर्गात बसवलं होतं. नॉर्वेची माणसं पायात स्की घालूनच जन्मतात, असं कोणी म्हटलं की त्या उसळायच्या. "मग मी काय आभाळातून पडले?"

शेजारचा ओडमुंड जुन्या स्कींच्या खुर्च्या बनवायचा. आम्हाला बघून तो म्हणाला, "वा! पाठ टेकायला झकास."

"हात लावायचा नाही. मी यांच्यावरून जाणार आहे."

"आई, या वयात हाड मोडलं तर?" लेक सिन्नोवे कळवळली.

"मोडलं तर माझंच मोडेल ना गं? तू गाडीचं वेळापत्रक वाच."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेत ठरला. सकाळच्या गाडीने वर डोंगरमाथ्यावरच्या फिन्से स्टेशनला जायचं, गोठलेलं तळं ओलांडून पलीकडची लाल झोपडी गाठायची, संध्याकाळच्या गाडीने परत. लोकरीचे मोजे, संत्री, पाव, तपकिरी चीज. पट्टे नवे बसवले. आठवडाभर बाई घरातल्या गालिच्यावर आमच्यावर उभ्या राहून सराव करत होत्या. ओडमुंड दारातून दात काढायचा.

"झोपडी गाठली नाहीत तर स्की माझ्या," तो म्हणाला.

"आणि गाठली तर परतताना माझी पिशवी तुझ्या पाठीवर. आहे कबूल?"

"कबूल!"

निघायच्या सकाळी बाईंनी खिडकीबाहेरचा तापमापक पाहिला. शून्याच्या वर चार. स्की नीट चालावी म्हणून तळाला हवेप्रमाणे वेगवेगळं मेण लावतात; उबदार हवेसाठी असतं ते चिकट लाल मेण त्यांनी आम्हाला चोपडलं. अहो बाई, इथली थंडी नका बघू, वरची बघा! पण लाकडाचं कोण ऐकतं? ओडमुंडने पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसला. त्याचा मला अजून राग आहे.

पैज बघायला ओडमुंडही आपल्या स्की घेऊन बरोबर निघाला, आणि गाडी बोगद्यांतून वर चढली. फिन्सेला शून्याखाली नऊ! बाईंनी पहिलं पाऊल टाकलं आणि आमच्या पोटाला बर्फाचे गोळेच्या गोळे चिकटले. दुसरं पाऊल उचलेना. त्या आपटल्या.

"गादी कुठल्या रंगाची लावू खुर्चीला?" ओडमुंडने विचारलं.

त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी पिशवी उघडली, चीजचे काप काढायचं पातं बाहेर काढलं आणि भर फलाटावर आम्हाला उलटं करून खरवडायला बसल्या. लोक बघत होते. बघू देत! लाल मेणाची साल निघत गेली आणि खाली सुताराचं काळं डांबर उघडं पडलं.

"एवढ्याने चालणार आहेत होय त्या?" ओडमुंड म्हणाला.

चाललो की! कोरड्या थंडीत आम्हाला दुसरं काही लागतच नाही. बाई अकरा वेळा पडल्या. दर वेळी ओडमुंड म्हणायचा, "परत फिरू या का?" आणि दर वेळी बाई म्हणायच्या, "तू फीर." सातव्या वेळी माझं टोक दगडावर आपटून चिरलं. मी हूं की चूं केलं नाही.

लाल झोपडीच्या पायरीवर बसून बाईंनी संत्रं सोललं. "वर्गात बसवलं होतं मला," त्या म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसले. मग पिशवी ओडमुंडपुढे सरकवली. त्याने मुकाट्याने पाठीला लावली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना भिंतीवर टांगून त्यांचं कौतुक करू नका. आम्हाला डांबर पाजा, चिरलेलं टोक सांधा आणि बाहेर काढा. मग कोणी म्हणालंच, "यांचं आता काय उरलंय," तर वाद घालू नका. त्याच्या हातात पिशवी द्या आणि पुढे चालू लागा.